होस्ट म्हणजे नेमकं काय? कोळी किडींच्या याद्या करणाऱ्या मंडळींना खुलं पत्र

मंडळी, नमस्कार.

हे पत्र झाडांवर जगणाऱ्या कोळी किडींच्या, म्हणजे माइट्सच्या, याद्या करणाऱ्या सगळ्यांना आहे. जे भिंग घेऊन पानं उलटी करत फिरतात त्यांना, जे स्लाइड करून नाव लावतात त्यांना, जे पेपर तपासतात त्यांना, आणि जे शेवटी हे सगळं एका मोठ्या टेबलात भरत बसतात त्यांनाही. मी या चारही खुर्च्यांवर थोडा थोडा वेळ बसलोय, त्यामुळे मी काही बाहेरचा माणूस नाही, घरातलंच भांडण आहे असं समजा.

भांडणाचा मुद्दा एकच. आपल्या प्रत्येक यादीत "होस्ट" नावाचा एक कॉलम असतो आणि त्यात काय लिहायचं हे आपण नीट ठरवलेलंच नाही. कुणी त्यात लिहितो की या झाडावर कोळ्याची कॉलनी होती, अंडी, पिल्लं, कात, जाळी, सगळं. कुणी लिहितो की या झाडावर एक मादी चालताना दिसली. कुणी लॅबमध्ये घेवड्याच्या पानांवर कल्चर वाढवतो आणि घेवडाही होस्ट म्हणून छापून टाकतो. पुढे टेबलात हे तिन्ही एकाच ओळीत, एकाच फॉण्टमध्ये बसतात, आणि वाचणाऱ्याला फरक कळायला काहीही मार्ग नसतो.

मराठीत आपण होस्टला यजमान वनस्पती म्हणतो. छान शब्द आहे, फक्त त्याचा अर्थ आपण विसरलो. यजमान म्हणजे जो घरात घेतो, जेवू घालतो, मुक्कामाला जागा देतो. ओट्यावर दोन मिनिटं टेकलेल्या वाटसरूमुळे कुणी यजमान होत नाही. आणि आपले कोळी तर एक नंबरचे वाटसरू. लाल कोळ्यांची गर्दी वाढली, पान पिवळं पडलं की माद्या झाडाच्या शेंड्याकडे चढतात, धागा सोडतात आणि वाऱ्यावर स्वतःला झोकून देतात, कुठे उतरायचं ते वारा ठरवतो. इरिओफाइड नावाच्या गटातले कोळी तर त्याहून बारीक, मिलिमीटरचा एक-दोन दशांश, पाय चारच, तेही वाऱ्यावरच प्रवास करतात. पॉलिफॅगोटार्सोनेमस लेटस, ज्याला आपण पांढरा कोळी म्हणतो, त्याच्या माद्या पांढऱ्या माशीच्या पायाला चिकटून फुकट प्रवास करतात. म्हणजे पांढरी माशी जिथे बसेल तिथे हा उतरणार, मग ते झाड त्याला खायला चालो न चालो. अशा प्राण्याची एक मादी एका पानावर सापडली यावरून त्या पानाला यजमान म्हणायचं म्हणजे स्टेशनवर दिसलेल्या प्रत्येकाला त्या गावचा रहिवासी म्हणण्यासारखं आहे.

यावर कुणी म्हणेल की एवढं काय त्यात, दोन-चार नोंदी जास्त झाल्या तर झाल्या. तर राओएला इंडिकाचं उदाहरण बघा. १९२४ साली हर्स्ट या अभ्यासकाने नारळाच्या पानांवरच्या नमुन्यांवरून वर्णन केलेला हा कोळी कित्येक वर्षं इकडेच होता, २००४ मध्ये कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटावर सापडला आणि मग तिकडच्या बेटांवर नि अमेरिकेत भराभर पसरला. असा कोळी नव्या मुलखात शिरला की सगळ्यात पहिला प्रश्न येतो तो हाच, की हा कशाकशावर वाढणार. २०१२ मध्ये छापून आलेल्या एका कामात संशोधकांनी सरळ एक अट घातली: ज्या झाडावर सगळ्या अवस्था असलेली कॉलनी आहे, म्हणजे अंडी, पिल्लं, प्रौढ सगळे, तेच झाड होस्ट. ही अट लावून ९१ वनस्पतींची यादी निघाली, आणि त्या सगळ्याच्या सगळ्या एकदल निघाल्या. ताड-नारळाच्या कुळातल्या जास्त, शिवाय केळ, हेलिकोनिया, आल्याचं कुळ, केवडा. द्विदल एकही नाही. एका साध्या अटीने केवढी स्वच्छ गोष्ट समोर आली बघा. ती अट आपण सगळेच का लावत नाही हे मला आजवर कळलेलं नाही.

आता टेट्रानिकस अर्टिकी घ्या. कोख या अभ्यासकाने या कोळ्याला १८३६ मध्ये नाव दिलं, आणि अर्टिकी हे नावच मुळी अर्टिका या खाजरी पानं असलेल्या झाडावरून आलंय. एका झाडाचं नाव मिरवणाऱ्या या कोळ्याच्या नावावर आज अकराशेहून जास्त वनस्पती नोंदवलेल्या आहेत. तो हावरट आहे यात वाद नाही, ग्रीनहाऊसमध्ये काम केलेल्या कुणालाही विचारा. पण त्या अकराशेत खरे यजमान किती आणि ओटे किती हे आज कुणीही छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही, कारण तसं लिहूनच ठेवलेलं नाही. शिवाय ही यादी अर्धी कोळ्याची आहे आणि अर्धी आपली, म्हणजे आपण कुठे कुठे बघितलं त्याची. पिकांवर आपण रोज बघतो, रानातल्या झुडपावर कोण बघतो, त्यामुळे पिकांच्या नोंदी ढीगभर आणि रानाच्या चिमूटभर. "इथे शोधला आणि नाही सापडला" अशी नोंद तर जवळपास कुणी छापतच नाही, ती छापली तर पेपर कोण घेणार.

बरं, झाडाचं सोडा, कोळ्याचं नाव तरी बरोबर आहे का? इथे मला जरा जास्त बोलायचंय, कारण अर्धी गडबड इथेच होते.

टेट्रानिकसमधल्या वेगवेगळ्या जातींच्या माद्या एकमेकींसारख्या दिसतात. अगदी सारख्या. नाव लावायचं तर नर लागतो, आणि नरसुद्धा कुशीवर झोपलेला, कारण त्याच्या जननेंद्रियाचा, आपल्या भाषेत एडीगसचा, आकार बाजूनेच दिसतो. ज्यांनी हे कधी केलं नाही त्यांच्यासाठी सांगतो काय असतं ते. हॉयरच्या माध्यमाचा, म्हणजे नमुना स्लाइडवर बसवायच्या द्रवाचा, एक थेंब स्लाइडवर, त्यात सुईच्या टोकाने नर ठेवायचा, तो मादीपेक्षाही लहान, मादीच मुळात अर्ध्या मिलिमीटरची, मग कव्हर स्लिप एका कडेने हळूच खाली सोडायची आणि श्वास रोखून बघायचं की तो कुशीवर वळला की पाठीवर पडला. दहातले सहा-सात तर माझ्या हातून अजूनही पाठीवरच पडतात. मग कव्हर स्लिप केसभर सरकवायची, तो वळतो, जास्त सरकवली तर चिरडतो. नशिबाने नीट बसला तर काही दिवस उबेत वाळवायचं आणि मग फेज कॉन्ट्रास्ट सूक्ष्मदर्शकाखाली त्या एडीगसच्या टोकाची गाठ बघायची, जी काही मायक्रॉनची असते आणि जिच्या दोन्ही बाजूच्या टोकांवर सगळा निवाडा अवलंबून असतो. नर जरासा तिरपा असला तरी आकार वेगळाच भासतो आणि नवीन जात सापडल्याचा आनंद होतो, जो दोन दिवस टिकतो. त्यात कॉलनीत नर कमीच असतात, फलन न झालेल्या अंड्यातून नर येतो आणि झालेल्यातून मादी, आणि माद्यांचंच पारडं जड असतं.

म्हणून मग काय होतं, नर मिळाला नाही, वेळ नाही, रंग लाल दिसला, लिहा टेट्रानिकस सिनाबॅरिनस. हिरवट आणि दोन ठिपके, लिहा अर्टिकी. उचलली जीभ लावली टाळ्याला. अहो, टेट्रानिकसच्याच दुसऱ्या जाती बघा, लाल तर लुडेनीही असतो, इव्हान्सीही असतो, आणि हिरव्या अर्टिकीच्या माद्यासुद्धा थंडीत सुप्तावस्थेत गेल्या की केशरी होतात. त्यात आता सिनाबॅरिनस हा अर्टिकीचाच लाल प्रकार आहे असं बहुतेक जण मानतात. म्हणजे जुन्या यादीतल्या "सिनाबॅरिनस, वांगी" या ओळीतला कोळी नेमका कोण होता? लाल अर्टिकी? लुडेनी? की इव्हान्सी, ज्याला वांग्या-टोमॅटोच्या कुळाची खास आवड आहे? स्लाइड ठेवली असेल तर काढून बघता येईल. नसेल तर ती ओळ कायमची आंधळी. वड्याचं तेल वांग्यावर म्हणतात ते इथे शब्दशः होतं, आणि वांगं बिचारं गप्प.

स्लाइड ठेवा, स्लाइड ठेवा असं मी सारखं का म्हणतो ते ब्रेव्हिपाल्पसवरून कळेल. ब्रेव्हिपाल्पस फीनिसिस म्हणजे गेली कित्येक दशकं ढीगभर झाडांवर नोंदवलेला चपटा कोळी, संत्र्या-लिंबांवरच्या लेप्रोसिस विषाणूचा वाहक म्हणून बदनाम. इथे नराचा प्रश्नच नाही, कारण नर क्वचितच असतात, अंगात राहणाऱ्या एका बॅक्टेरियामुळे सगळ्या माद्याच जन्मतात. २०१५ मध्ये अभ्यासकांनी माद्यांच्या पाठीवरचं नक्षीकाम आणि बाकी बारकावे बघून या एका नावाखाली दडलेल्या तब्बल आठ जाती वेगळ्या केल्या. आणि लेप्रोसिसचा मुख्य वाहक आता फीनिसिस नाही, त्या आठांपैकीच योथर्सी मानला जातो. झालं का, एका दिवसात फीनिसिसच्या नावावरची सगळी जुनी होस्टची यादी हवेत गेली. कुठली ओळ आठांपैकी कुणाची? ज्यांनी स्लाइड सांभाळून ठेवल्या होत्या आणि कुठे ठेवल्यात ते पेपरात लिहिलं होतं त्यांच्या ओळी सोडवता येतात. बाकीच्यांच्या ओळींना आता "फीनिसिस, व्यापक अर्थाने" अशी चिठ्ठी लावून बाजूला ठेवायचं, बस.

झाडांच्या नावांचीही तीच कथा. कोळीवाल्यांना झाडं ओळखता येत नाहीत हे आपलं उघड गुपित आहे, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं. मला एकदा एका यादीत होस्टच्या जागी फक्त "चाफा" असं लिहिलेलं मिळालं. कुठला चाफा? सोनचाफा मॅग्नोलियाच्या कुळातला, हिरवा चाफा सीताफळाच्या कुळातला, पांढरा चाफा कण्हेरीच्या कुळातला, नागचाफा आणखी चौथ्याच कुळातला. चार चाफे, चार कुळं, आणि कोळी एक. तो सोनचाफ्यावर होता की पांढऱ्या चाफ्यावर हे एवढं ठरलं नाही तर त्या नोंदीचा उपयोग शून्य. शास्त्रीय नाव लिहिलं म्हणून सुटका होते असंही नाही. टोमॅटो जुन्या पेपरात लायकोपर्सिकॉन असतो आणि नव्यात सोलॅनम, आणि कुणी दोन्ही नावं वेगवेगळी मोजली तर कोळ्याचा एक होस्ट फुकटात वाढतो. बाभूळ अकेशिया होती, आता व्हॅशेलिया आहे, तिच्या काही चुलत बहिणी सेनेगॅलिया झाल्या. हे बदल वनस्पतीवाले करत राहणारच, त्यांचं ते कामच आहे. आपण फक्त पेपरात जसं नाव होतं तसं एका कॉलममध्ये ठेवायचं आणि आजचं मान्य नाव शेजारच्या कॉलममध्ये. मूळ नाव खोडून त्यावर नवीन लिहिणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे की असं करू नका, उद्या तुमची दुरुस्ती चुकली तर मागे जायला रस्ताच राहत नाही.

आता बाटलीची गोष्ट. मागे एका ओळखीच्या ठिकाणाहून माझ्याकडे नाव लावायला नमुने आले, छोट्या बाटल्या, स्पिरिटमध्ये बुडवलेली पानं नि तळाशी कोळी. एका बाटलीतलं स्पिरिट निळं होतं. सुंदर, आकाशासारखं निळं. आत चिठ्ठी होती, कोरी. कुणीतरी झाडाचं नाव, तारीख, जागा सगळं मन लावून पेनाने लिहिलं होतं आणि स्पिरिटने ते सगळं विरघळवून स्वतःत घेतलं होतं. माहिती गेली नव्हती हो, बाटलीतच होती, फक्त वाचता येत नव्हती. त्या बाटलीत सहा नर निघाले, त्यातले दोन तर पहिल्या झटक्यात कुशीवर बसले, असं मला वर्षातून एकदा होतं. कोळी ओळखू आला. झाड कुठलं ते आजतागायत माहीत नाही, पान इतकं चुरगळलं होतं की वनस्पतीवाल्या मैत्रिणीने बघून नुसती मान हलवली. पेन्सिल, मंडळी. साधी शिशाची पेन्सिल. स्पिरिटमध्ये तिला काही होत नाही.

आणि आता माझी स्वतःची ओळ. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका यादीत युटेट्रानिकस ओरिएंटॅलिस एका गवतावर नोंदवला होता. गवत एरंडाच्या झाडाखाली उगवलेलं होतं, आणि एरंड या कोळ्याने नुसता भरलेला होता, पानं धुळीने माखल्यासारखी फिकट झालेली. गवतावर दोन माद्या सापडल्या. अंडी बघितली का? नाही बघितली. पुन्हा त्या जागी गेलो का? नाही गेलो. नवीन होस्ट मिळाला या आनंदात लिहून मोकळा झालो आणि पेपर तपासणाऱ्यानेही काही विचारलं नाही. वरच्या पानावरून दोन माद्या खाली पडल्या एवढाच त्याचा अर्थ असणार हे आज कळतं. पुढची मजा बघा, ती ओळ दुसऱ्या एका यादीत माझा हवाला देऊन गेली, तिथून तिसरीत गेली पण हवाला दुसरीचा, आणि मागच्या वर्षी एका मसुद्यात मी वाचलं की या गवतावर हा कोळी "अनेकांनी" नोंदवलाय. ते अनेक म्हणजे मीच, मंडळी. तीन तोंडं, बोलणारा एकच, आणि तोही न बघता बोललेला.

याने कुणाचं काय बिघडतं असं वाटत असेल तर न्यूझीलंडमध्ये १९८९ साली सोडलेला टेट्रानिकस लिंटिएरियस आठवा. गोर्स नावाच्या काटेरी झुडपाचा तण आवरायला हा कोळी मुद्दाम आणून सोडला. दिसायला तो अर्टिकीच्या इतका जवळचा की भल्याभल्यांची फसगत व्हावी, पण खातो फक्त गोर्स. असा कोळी सोडायच्या आधी सगळा भरवसा याच एका गोष्टीवर असतो की तो दुसरं काही खात नाही. आता कल्पना करा की कुणीतरी गोर्सच्या शेजारच्या पिकावर वाऱ्याने आलेली एक मादी बघितली आणि होस्ट म्हणून छापली. एका आळशी ओळीने अख्खी योजना अडकू शकते. उलटही होतं, एखाद्या झाडावर कोळी "नोंदवलेला" आहे म्हणून क्वारंटाइनवाले त्या झाडाची रोपं अडवतात, फवारतात, जाळतात, साप साप म्हणून भुई धोपटत बसतात, आणि मूळ नोंद बघायला गेलं तर दोन माद्या आणि एक उत्साही माणूस.

कोळ्यांमुळे पानांवर येणाऱ्या गाठींबद्दल एवढंच सांगतो. इरिओफाइडमुळे पानावर जी मखमली लव येते तिला पूर्वीच्या लोकांनी बुरशी समजून एरिनियम असं बुरशीचं नाव दिलं होतं, तेव्हा नुसता लवेचा किंवा गाठीचा फोटो बघून जात लिहिणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावं. इरिओफाइडमधले बहुतेक एकाच झाडाला धरून असतात हे खरं, पण म्हणून झाडावरून कोळ्याचं नाव ठरवायचं आणि मग तेच नाव झाडाच्या यादीत पुरावा म्हणून दाखवायचं, हे गोल गोल फिरणं झालं.

तर माझं मागणं असं आहे. होस्टच्या कॉलमशेजारी आणखी एक कॉलम घाला, नाव काहीही द्या, मी आपला "काय बघितलं" असं लिहितो. त्यात शब्द ठरलेले असू द्या: सगळ्या अवस्था होत्या, की फक्त प्रौढ, की एकच मादी, की लॅबमध्ये वाढवला, की फक्त नुकसान दिसलं. नर बघितला की नाही ते लिहा. स्लाइड कुठल्या संग्रहात आहे ते लिहा, झाडाची वाळवलेली फांदी कुठे आहे तेही, नसेल तर "नाही" असं लिहा, "नाही" लिहिण्यात लाज कसली. दुसऱ्याच्या यादीतून ओळ उचलली असेल तर पहिल्या माणसापर्यंत मागे जा आणि त्याचाच हवाला द्या, मधल्यांचा नको. डीएनएचा तुकडा वाचला असेल तर उत्तम, पण ज्या कोळ्याचा वाचला त्याच कॉलनीतल्या भावाबहिणींची स्लाइड ठेवा, नाहीतर उद्या नाव चुकलं तर तो तुकडाही चुकीच्या नावाने कायमचा फिरत राहील. आणि जर्नलच्या संपादक मंडळींनो, तुम्ही या कॉलमशिवाय यादी घेणार नाही असं एकदा ठरवलंत ना, तर आम्ही आळशी लोक दोन वर्षांत सरळ होऊ, विनंत्यांनी आजवर आम्ही सरळ झालेलो नाही.

जुन्या नोंदी सगळ्या फेकून द्या असं मी म्हणत नाहीये. १९९८ मध्ये बोलॅंड, गुटिएरेझ आणि फ्लेक्टमन यांनी जगभरच्या टेट्रानिकिडींचा, म्हणजे टेट्रानिकसच्या कुळातल्या कोळ्यांचा, कॅटलॉग छापला, त्यामागे किती वर्षांचं वाचन असेल याचा विचार केला तरी दडपण येतं, आणि आपण सगळे त्यांच्याच खांद्यावर बसून टीका करतोय याची मला जाणीव आहे. जुन्या ओळींना फक्त "काय बघितलं: माहीत नाही" एवढं लावा, त्या जागेवरच राहू द्या. कधीतरी कुणी कपाटातून स्लाइड काढेल, कुणी त्याच झाडाकडे परत जाईल, तेव्हा भरेल.

सुरुवात माझ्यापासून करा. ओरिएंटॅलिस आणि ते एरंडाखालचं गवत, ती ओळ तुमच्या कुणाच्याही यादीत असेल तर तिच्यापुढे लिहा: दोन माद्या, अंडी बघितली नाहीत, झाडाचा नमुना ठेवला नाही. माद्यांची स्लाइड मात्र माझ्याकडे आहे, हॉयर थोडं कडेने ओलावलंय पण वाचण्यासारखी आहे, कुणाला तपासायची असेल तर पाठवतो.

तुमच्यातलाच एक,
याद्या चाळणारा